झोपेतल्या श्वासाची भरती-ओहोटी

सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. तेथे तयार झालेला निपाणीकडचा धडधाकट जवान लडाखच्या चौकीवर गेला, की झोपेत त्याचा श्वास अनेकदा खोल होत जातो, मग उथळ होतो आणि कित्येक सेकंद थांबतो. हा केंद्रीय निद्राश्वसनरोध होय. घोरणाऱ्याच्या घशात वाट मिटते, येथे वाट मोकळी असूनही मेंदूकडून श्वसनाच्या स्नायूंना आज्ञाच जात नाही. विरळ हवेत प्राणवायू कमी पडल्याने श्वसन वाढते, त्यासरशी मेंदूला श्वासाची आठवण देणारा कार्बन डायऑक्साइड रक्तातून वाजवीपेक्षा अधिक निघून जातो आणि तो पुन्हा साठेपर्यंत छाती स्तब्ध राहते. अ‍ॅसिटाझोलामाइड या औषधाने ही आंदोलने कमी होतात.

सपाटीवर मात्र अशी लय दिसणे अधिक चिंतेचे, कारण डब्लिनच्या जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये वर्णिलेले हे श्वसन बहुधा दुर्बळ हृदयाचे लक्षण असते. त्यावर यंत्राने श्वास नियमित करणे हा उपाय सरळ वाटतो खरा. परंतु २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत, हृदयाची आकुंचनशक्ती घटलेल्या रुग्णांमध्ये अशा स्वयंसमायोजी यंत्राने हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले आढळले.