नवी एअर रायफल? आधी छर्रे जुळवा!

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मिमीचा, आणि छर्रा ४.५ मिमीचा! म्हणून नवी रायफल आधी व्हाइसमध्ये घट्ट आवळा. परीक्षा बॅरलची आहे, तुमच्या श्वासाची नाही.

मग ४.४९, ४.५०, ४.५१ अशा वेगवेगळ्या हेड साइजचे छर्रे पाच-पाच मारून बघा. भोकं एकमेकांत मिसळून एकच गोल दिसला, तर तो छर्रा बॅरलला मानवला. कडेला पाकळ्या फुटल्या, तर डबा बाजूला ठेवा, कितीही महागडा असो!

ग्रुप घट्ट पण केंद्रापासून लांब? साइट फिरवा, येईल जागेवर. विखुरलेल्या ग्रुपला मात्र साइटचा काही उपयोग नाही.

जुळलेल्या डब्याचा बॅच नंबर टिपून ठेवा. पुढचे डबे त्याच बॅचचे घ्या.