दारावरची टकटक आणि अमेरिकेची मतपेटी

गणेशविसर्जन आटोपून आम्ही काहीजण सभागृहाच्या ओट्यावर प्रसाद घेत बसलो होतो. एवढ्यात एका मावशींनी विचारले, "माझा नातू अमेरिकेला शिकावयास निघाला आहे. तिथे म्हणे चुकून दुसऱ्याचे दार वाजवले तरी गोळी घालतात. मग तिथले लोक मते देऊन हे बंद का करीत नाहीत?" ओट्यावर शिकलेली माणसे पुष्कळ होती, परंतु चटकन उत्तर कोणालाच देता आले नाही. ते उत्तर आज या पानावर देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

प्रथम मावशींची भीती खरी किती ते पाहू. ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात बॅटन रूज या गावी सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी मेजवानीला निघाला होता. घर चुकले. घरमालक बंदूक घेऊन बाहेर आला आणि "जागेवर थांब" असे इंग्रजीत ओरडला. मुलाला त्या शब्दाचा अर्थ उमगला नसावा. तो पुढे आला आणि गोळी लागून मेला. १९९३ साली ज्यूरीने घरमालकाला निर्दोष सोडले. पुढे दिवाणी न्यायालयाने मात्र भरपाई देण्याचा हुकूम केला. मुलाच्या आईवडिलांनी जपानात दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि त्या राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यापुढे ठेवल्या. २०२३ साली मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटीत भावंडांना घ्यावयास गेलेल्या सोळा वर्षांच्या एका कृष्णवर्णी मुलाने चुकीच्या घराची घंटा वाजवली. त्यालाही गोळी लागली. सुदैवाने तो वाचला. अशा घटना रोज घडत नाहीत, परंतु मावशींची भीती निराधारही नाही.

आपल्या बेटावर बंदूक म्हटली की डोळ्यांपुढे येते ती हरणांची शिकार. रस्त्यावरचा पोलीसही सहसा बंदुकीवाचून फिरतो. आपल्या १९६८ च्या राज्यघटनेत जीविताच्या हक्काचे कलम आहे. त्यात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, मालमत्तेच्या रक्षणासाठीसुद्धा, वाजवी तेवढे बळ वापरण्याची मुभा आहे. म्हणजे आत्मसंरक्षण आपल्यालाही मान्य आहे. बंदूक मात्र आपल्याकडे हक्काची नव्हे, परवान्याची बाब आहे.

अमेरिकेत या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या गेल्या. तिथल्या घटनेच्या १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीत सुव्यवस्थित नागरी सेनेचा उल्लेख आहे आणि लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही. हा हक्क सेनेपुरता की प्रत्येक माणसाचा, हा वाद दोनशे वर्षे चालला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. २०२२ साली हा हक्क घराबाहेरही मान्य झाला.

आत्मसंरक्षणाचा कायदाही असाच उंबरठा ओलांडून बाहेर पडला. इंग्रजी परंपरेचा जुना नियम असा की, रस्त्यात कोणी अंगावर आला आणि मागे सरून जीव वाचविता येत असेल, तर मागे सरावे. स्वतःच्या घरात मात्र मागे सरण्याची गरज नाही, कारण घर हा माणसाचा किल्ला. २००५ साली फ्लोरिडा राज्याने हा किल्ला रस्त्यावर आणला. जिथे माणसाला उभे राहण्याचा हक्क आहे तिथे त्याने मागे हटण्याची गरज नाही, असा कायदा झाला. बंदूकधारकांच्या राष्ट्रीय रायफल संघटनेने त्यासाठी जोर लावला होता. पाठोपाठ इतर अनेक राज्यांनी तसेच कायदे केले.

फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णी मुलगा वस्तीवर पहारा करणाऱ्या एका स्वयंसेवकाच्या गोळीने मेला. पुढच्या वर्षी ज्यूरीने स्वयंसेवकाला निर्दोष ठरविले. तेव्हा देशभर विचारले गेले की, भीती वाटली म्हणून गोळी झाडली हे कायद्याने मानावयाचे, तर कोणाची भीती मानावयाची आणि कोणाची नाही? आमच्या मते सगळ्या वादाचे मूळ याच प्रश्नात आहे.

आता मतांकडे वळू. ही रायफल संघटना १८७१ साली नेमबाजी सुधारण्यासाठी निघाली. आपले बेट स्वतंत्र झाले त्याच १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले आणि अमेरिकेत बंदुकांच्या विक्रीवर नवा कायदा आला. त्यावर चिडलेल्या सभासदांनी १९७७ साली संघटनेची सूत्रे हाती घेतली, आणि नेमबाजांचा संघ राजकीय शक्ती बनला. १९८० साली तिने प्रथमच राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला, रोनाल्ड रेगन यांना, पाठिंबा दिला. दैवगती अशी की, पुढच्याच वर्षी रेगन यांच्यावर गोळीबार झाला आणि त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रेडी जन्माचे अपंग झाले. १९९१ साली खुद्द रेगन यांनी बंदूक विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची चौकशी करण्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. ब्रेडींच्या नावाचा तो कायदा १९९३ साली झाला. १९९४ साली लष्करी धर्तीच्या काही बंदुकांवर दहा वर्षांची बंदी आली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने कनिष्ठ सभागृह गमावले आणि सभापती टॉम फोली स्वतःच्या मतदारसंघात पडले. कारणे अनेक होती, पण बंदूकवाल्यांचा राग हे त्यातले एक, असे क्लिंटन यांनीही पुढे म्हटले. तो धडा राजकारणी विसरले नाहीत. २००४ साली मुदत संपली तेव्हा त्या बंदीला कोणी वाढवून दिले नाही.

मावशींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. प्रौढ अमेरिकनांपैकी बंदूक बाळगणारे सुमारे एक तृतीयांशच. गिऱ्हाइकाची चौकशी व्हावी असे म्हणणारे बहुसंख्य, आणि त्यांत बंदूकधारकही पुष्कळ. परंतु चौकशी हवी म्हणणारा माणूस मत देताना महागाई पाहतो, शाळा पाहतो, दवाखाना पाहतो. कट्टर बंदूकधारक पुष्कळदा एवढी एकच गोष्ट पाहून मत देतो. शिवाय वरिष्ठ सभागृहात लहानमोठ्या सर्व राज्यांना दोन-दोनच जागा. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील एका शाळेत वीस बालके आणि सहा मोठी माणसे मारली गेली. तरीही एप्रिल २०१३ मध्ये चौकशी वाढविण्याची सूचना ५४ विरुद्ध ४६ मतांनी पडली, कारण साठ मते लागत होती. चोपन्न असूनही हार!

दुसरी बाजूही ऐकावी. दूर रानात राहणारी एकटी बाई म्हणते, पोलीस यावयास तास लागतो, तोवर मी काय करू? दक्षिणेतील कृष्णवर्णी कुटुंबांनीही गोऱ्या झुंडींपासून बचावासाठी घरात बंदुका ठेवल्या होत्या. ही माणसे वेडी नव्हेत. मात्र २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. चोरासाठी ठेवलेली बंदूक घरच्याच दुःखी माणसाच्या हाती जाते, ही गोष्ट निवडणुकीच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते.

२०२४ च्या निवडणुकीत तर गंमतच झाली. ट्रम्प यांना रायफल संघटनेचा पाठिंबा होता आणि जुलैत पेनसिल्व्हानियातील सभेत त्यांच्याच कानाला गोळी चाटून गेली. विरुद्ध बाजूला कमला हॅरिस यांनीही आपल्याकडे बंदूक आहे आणि घरात घुसणाऱ्याला गोळी खावी लागेल, असे सांगितले. निर्बंध मागणाऱ्या उमेदवारालाही आधी आपली बंदूक दाखवावी लागते, इतका हा विषय तिथल्या मतदाराच्या मनात खोल गेला आहे.

हाच प्रश्न भारतापुढेही येऊन गेला आहे. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा राग मनात असल्याने काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो घटनेत घालावा अशी सूचना घटना समितीत मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला, कारण असा सरसकट हक्क त्यांना मान्य नव्हता. सूचना पडली. एका पिढीने घटनेत काय लिहिले किंवा गाळले, त्याचे फळ पुढच्या पिढ्यांच्या दारात येते.

तेव्हा मावशी, नातवाला खुशाल जाऊ द्या. लाखो परदेशी मुले तिथे शिकून सुखरूप परत येतात. फक्त त्याला सांगा, अनोळखी घरी जाण्याआधी फोन करावा, घराचा क्रमांक दोनदा पाहावा, आणि कोणी "थांब" म्हटले तर तत्क्षणी थांबावे. आपल्याकडे अनोळखी माणूस दारात आला, तर आपण आधी "कोण पाहिजे?" असे विचारतो. एवढे विचारण्याइतका विश्वास आपल्या वस्तीत शिल्लक आहे. तो आपण जपून ठेवू या.