वेबसाइट ब्लॉक होते म्हणजे नक्की काय होतं?

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर एखादी साइट उघडायला जावं आणि ‘ही साइट ब्लॉक केलेली आहे’ असा मेसेज यावा, हा अनुभव बहुतेकांना आला असेल. पण तुम्ही कुठे चाललात हे मधल्या यंत्रणेला कळतं कसं? याचे मुख्य तीन मार्ग आहेत.

१. डीएनएस फिल्टर: साइटचं नाव टाकलं की तुमचा फोन आधी डीएनएस सर्व्हरला त्या नावाचा आयपी ॲड्रेस विचारतो. नाव धोकादायक साइट्सच्या यादीत असेल, तर सर्व्हर खरा पत्ता देतच नाही. क्वाड९ची ९.९.९.९ आणि क्लाउडफ्लेअरची १.१.१.२ या अशाच मोफत सेवा. घरात लहान मुलं असतील तर १.१.१.३ वापरा, त्यात अश्लील साइट्सही अडवल्या जातात. राउटरमध्ये एकदा सेट केलं की काम झालं.

२. एसएनआय तपासणी: एचटीटीपीएसमुळे पानावरचा मजकूर एन्क्रिप्ट होतो. मात्र कनेक्शन सुरू होताना साइटचं नाव सहसा उघडंच जातं. पाकीट बंद, पण वरचा पत्ता कुणीही वाचावा, तसं. फायरवॉल तो पत्ता वाचून कनेक्शन तोडतो. साइटवरचं नेमकं कोणतं पान उघडलंय, हे मात्र त्याला दिसत नाही.

३. टीएलएस इन्स्पेक्शन: इथे पाकीटच फोडलं जातं. फायरवॉल मजकूर उघडतो, व्हायरस वगैरे तपासतो आणि पुन्हा एन्क्रिप्ट करून पुढे पाठवतो. ब्राउझरने तक्रार करू नये म्हणून तुमच्या डिव्हाइसमध्ये फायरवॉलचं रूट सर्टिफिकेट आधीच टाकावं लागतं. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये ते बऱ्याचदा असतं.

खरी मेख इथेच आहे. ज्याला व्हायरस दिसतो, त्याला तुमचा पासवर्डही दिसू शकतो. २०१९ मध्ये कझाकस्तानात सुरक्षेच्या नावाखाली लोकांना सरकारी सर्टिफिकेट इन्स्टॉल करायला सांगितलं गेलं. शेवटी गूगल, मोझिला आणि ॲपल यांनी आपापल्या ब्राउझरमध्ये ते सर्टिफिकेटच ब्लॉक केलं.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. फुकट वायफायसाठी कुणी ‘सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर नेटबँकिंग टाळा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स’ शोधून ‘युजर’ टॅब बघा. तिथे अनोळखी नाव दिसलं, तर ते कुणी टाकलं याची चौकशी आजच करा.