माणदेशी गतकाळ : ‘बनगरवाडी’ आणि ‘तराळ-अंतराळ’

गतकाळाचे चित्रण करणाऱ्या मराठी साहित्याचा विचार निघाला की चर्चा बहुधा शिवकाल आणि पेशवाई यांभोवतीच फिरते. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीने तर ‘ऐतिहासिक’ या शब्दाचा अर्थच वाचकांच्या मनात पक्का करून टाकला. त्यामुळे लेखकाच्या हयातीतच संपून गेलेल्या काळाचे लेखन इतिहासाच्या कक्षेत सहसा घेतले जात नाही. माणदेशातील दोन साहित्यकृती या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारख्या आहेत.

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीच, १९४८ मध्ये, औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते. म्हणजे प्रकाशनाच्या दिवशीच या कादंबरीतील राज्यव्यवस्था गतकाळात जमा झाली होती. कादंबरीत सनावळी जवळजवळ नाही. मेंढरे, पाऊस, जत्रा आणि दुष्काळ यांवरच काळ मोजला जातो. त्यामुळे ती कालातीत ग्रामजीवनाची कथा म्हणून वाचली गेली. परंतु तालमीच्या उद्घाटनासाठी राजेसाहेब वाडीवर येतात तो प्रसंग पाहावा. प्रजेच्या वस्तीवर स्वतः येणारा, व्यायामाचे कौतुक असणारा हा राजा कोण, हे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते बाळासाहेब पंतप्रतिनिधी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना सांगावे लागत नाही. याच राजाने १९३९ साली राज्यघटना देऊन सत्ता ग्रामपंचायतींच्या पायावर उभी केली होती. कादंबरीत मात्र घटनेची चर्चा नाही. आहे तो राजदर्शनाचा सोहळा. धनगरांच्या वाडीपर्यंत राज्य पोहोचते ते शाळेच्या रूपाने, आणि तेही एका कोवळ्या वयाच्या मास्तराच्या पायांनी.

हा मास्तर, राजाराम विठ्ठल सौंदणीकर, प्रथमपुरुषी निवेदन करतो. माडगूळकरांनी स्वतः लहान वयात मास्तरकी केली होती, हे लक्षात घेता कादंबरीला आठवणींचा बाज का आला, हे उमगते. तरीही तो वाडीबाहेरचा आहे. कारभाऱ्याचा शब्द, बैलाच्या जोडीला स्वतःच जुवाखाली जाणारी शेकूची बायको, आनंदा रामोशी हे सारे तो जिव्हाळ्याने पाहतो, पण पाहतो. दुष्काळात वाडी उठते तेव्हा धनगर जगण्यासाठी बाहेर पडतात आणि मास्तरापुढे उरते ती ओस शाळा.

शंकरराव खरात यांचा जन्म १९२१ चा, आटपाडीचा. आटपाडी महालही त्याच संस्थानातला. माडगूळकरांचे माडगुळे तेथून दूर नाही. ‘तराळ-अंतराळ’ हे खरातांचे आत्मचरित्र १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘तराळ’ म्हणजे पाळीने गावकाम करणारा महार. मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोहोचलेल्या लेखकाने हा शब्द शीर्षकातच ठेवला, याला अर्थ आहे. विहिरीतील प्रेताचा प्रसंग या आत्मचरित्राच्या केंद्रस्थानी ठेवून वाचावा असा आहे. प्रेत वर काढण्याचे काम तराळाच्या माथी येते. हुकूम पोलिसाचा, जीव धोक्यात तराळाचा, आणि हे पाहणारा त्याचा मुलगा. येथेही राज्य पोहोचले आहे, पण हवालदाराच्या रूपाने. खरात हा प्रसंग कथाकाराच्या हातोटीने, संवादांतून उभा करतात. तो कादंबरीतील प्रकरणाहून वेगळा काढणे कठीण जाईल.

मग कादंबरी आणि आत्मचरित्र हा भेद येथे कितपत उपयोगी पडतो? एकीत आठवण कादंबरीचा वेष घेते, दुसऱ्यात आठवणीला कथेची बांधणी लाभते. खरा भेद आहे तो निवेदक सरकारच्या कोणत्या बाजूला उभा आहे, यात. मास्तर संस्थानाचा पगारी नोकर आहे. त्याची बदली होऊ शकते. तराळाचे काम वतनाने जखडलेले. ही वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला, म्हणजे संस्थान गेल्यानंतर दहा वर्षांनी. राजा गेला तरी तराळकी लगेच गेली नाही. गतकाळ सर्वांचा एकाच दिवशी संपत नाही, हे ‘बनगरवाडी’ एकटी वाचून कळणार नाही. आणि खरातांचे पुस्तक एकटे वाचले तर, त्याच माळावर धनगरांची पोरे पाटी घेऊन शाळेत बसली होती याचा विसर पडतो.

अध्यापनात मात्र पहिली कृती ‘ग्रामीण’ साहित्यात आणि दुसरी ‘दलित’ आत्मकथनात, अशी वाटणी रूढ झाली आहे. ती अभ्यासाच्या सोयीची असेल. परंतु एकाच महालातील, साधारण एकाच दशकांतील ही दोन माणसे त्यामुळे एकमेकांना कधी भेटतच नाहीत. राजेसाहेबांची स्वारी वाडीवर आली त्या दिवशी तिची वर्दी घेऊन पुढे कोण धावले असेल, हा प्रश्न वर्गात विचारायला हरकत नाही.