समुद्राचे बदलते पाणी : सागरी फुलपाखरांचे कवच

टेरोपॉड हे समुद्रात तरंगत जगणारे, गोगलगायींच्या वर्गातले प्राणी. जमिनीवरची गोगलगाय ज्या स्नायुमय पायावर सरकते, त्याच पायाचे यांच्यात दोन पातळ पंख झालेले असतात. ते हलवत पोहतात म्हणून त्यांना सागरी फुलपाखरे म्हणतात. थंड समुद्रांत आढळणारी लिमासिना हेलिसिना ही जात साधारण मसुराच्या दाण्याएवढी. तिचे पारदर्शक कवच डावीकडे वळत जाते. बहुतेक गोगलगायींचे उजवीकडे वळते. चिकट स्रावाचे जाळे पाण्यात पसरून त्यात अडकलेले प्लवक ती जाळ्यासकट गिळते. तिला खाणारेही पुष्कळ आहेत. उत्तर प्रशांत महासागरातला गुलाबी सामन मासा तिच्यावर ताव मारतो, आणि क्लायोन नावाचा तिचाच बिनकवची भाऊबंद जवळजवळ तिच्यावरच जगतो.

हे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे, पण त्यातल्या ॲरागोनाइट या प्रकाराचे असते. कॅल्साइट या दुसऱ्या प्रकारापेक्षा ॲरागोनाइट पाण्यात लवकर विरघळते. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव भाग समुद्र शोषून घेतो. पाण्यात मिसळल्यावर त्याचे कार्बॉनिक आम्ल होते, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि ते पाण्यातल्या कार्बोनेट आयनांना पकडून त्यांचे बायकार्बोनेट करतात. कवच बांधायला लागणारा माल असा कमी होत जातो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सरासरी ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण ही मोजपट्टी लॉगॅरिदमिक असल्याने हायड्रोजन आयनांची वाढ ३० टक्क्यांच्या आसपास भरते. समुद्र आंबट झाला, असा याचा अर्थ नव्हे. तो अजूनही आम्लारिधर्मीच आहे. कार्बोनेट ठराविक पातळीच्या खाली गेले, की मात्र उघडे ॲरागोनाइट विरघळू लागते. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड अधिक मुरतो, त्यामुळे ही पातळी ध्रुवांकडे आधी गाठली जाते.

अमेरिकी सागरी जीवशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया फॅब्री यांना या परिणामाची चुणूक १९८५ मध्येच दिसली होती. उत्तर प्रशांतातल्या सफरीत पकडलेले टेरोपॉड बरण्यांत ठेवले असता त्यांच्या कवचांची चकाकी गेली. प्राण्यांच्याच श्वसनाने बरणीतला कार्बन डायऑक्साइड वाढला होता. पुढे क्लिओ पिरामिडाटा या जातीचे जिवंत प्राणी त्यांनी मुद्दाम कमी कार्बोनेटच्या पाण्यात ठेवले. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राची २१०० सालची स्थिती जशी असेल असा अंदाज होता, त्याच्याशी हे पाणी जुळणारे होते. ४८ तासांत कवचाच्या वाढत्या कडेचा वरचा थर सुटून आतल्या ॲरागोनाइटच्या कांड्या उघड्या पडल्या. प्राणी तोवर पोहतच होते. २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या निष्कर्षामुळे टेरोपॉड एकदम प्रकाशात आले.

मात्र बरणीतले निरीक्षण समुद्राला लागू पडते का, हा प्रश्न उरला होता. स्लोव्हेनियन संशोधक नीना बेदनारशेक यांनी अंटार्क्टिकाजवळच्या स्कोशिया समुद्रातून २००८ मध्ये पकडलेली जिवंत लिमासिना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा तिच्या कवचावर झीज आढळली. वॉशिंग्टनपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनाऱ्याची २०११ मधली पाहणी अधिक बोलकी आहे. किनाऱ्यालगतच्या ५३ टक्के प्राण्यांची कवचे तीव्र झिजलेली होती. दूरच्या पाण्यात हे प्रमाण २४ टक्के होते. या किनाऱ्यालगत उन्हाळ्यात वाऱ्यांमुळे खोलातले, मुळातच कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी वर येते. माणसाने केलेली भर त्यावर पडते. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतही नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल पाणी असेच वर येते.

या निष्कर्षांवर एक वजनदार आक्षेप आहे. कवचावर पेरिऑस्ट्रॅकम नावाचे पातळ सेंद्रिय आवरण असते. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या व्हिक्टोरिया पेक व त्यांच्या सहकाऱ्यांना झीज प्रामुख्याने हे आवरण आधीच फाटलेल्या जागी दिसली. भक्षकाच्या हल्ल्यातून बचावताना अशा फाटी पडू शकतात. शिवाय प्राणी आतून नवा थर चढवून कवच जाड करतात, असेही त्यांनी २०१८ मध्ये दाखवले. बेदनारशेक यांच्या गटाला आवरणाचा हा युक्तिवाद मान्य नाही. दोन्ही बाजू पाहता, झिजलेले कवच पाण्याची अवस्था सांगणारे चांगले मोजमाप ठरते. त्यावरून टेरोपॉडांची संख्या घटते आहे असे म्हणणे मात्र घाईचे होईल. दुरुस्तीला ऊर्जा लागते, आणि पोटभर अन्न मिळणारा प्राणी जे निभावून नेईल, ते उपाशी प्राण्याला जमेलच असे नाही. याचा छडा प्रयोगशाळेत लावणे अवघड, कारण जाळे पसरायला मोकळे पाणी लागणारे हे प्राणी टाकीत नीट खात नाहीत आणि फार काळ जगतही नाहीत. त्यामुळे एकाच प्राण्याची झीज आणि डागडुजी सलग पाहता येत नाही. वेगवेगळ्या ऋतूंत जाळ्यात आलेल्या कवचांची तुलना करूनच हिशेब मांडावा लागतो.