राजधान्यांच्या वाटा : लेखांक सहावा
जोधपूर, पाण्याच्या बाजूने

मागील दोन लेखांकांत आपण अंबरनाथच्या शिवालयाभोवती रेंगाळलो. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मधील शिलालेखातून शिलाहार राजा माम्वाणी याच्या कारकिर्दीचा जो माग लागतो तो पाहिला, आणि ज्या राजकुलाने भूमिज शैलीचे एवढे देखणे मंदिर वालधुनीच्या काठी उभे केले, त्याच्या ‘पुरी’ या राजधानीचा नेमका ठाव मात्र आजही विद्वानांच्या वादाचा विषय आहे, याची हळहळही व्यक्त केली. राजधानी हरवल्यावर राजवंश केवळ ताम्रपटांत उरतो. म्हणून या आठवड्यात, ज्या राजधानीचा एकही दुवा निखळलेला नाही, जिथे किल्ला, बाजार, वेशी, तळी आणि राजवंशाची स्मारके अजून परस्परांना धरून उभी आहेत, अशा मरुभूमीतील एका नगरीकडे, मारवाडच्या जोधपुराकडे, वळावे असे मनात आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील वाचकाला जोधपूर वाटते तितके परके नाही. फाळणीनंतर सिंध सोडून जे लोक कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन उतरले, आणि ज्यांच्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले, त्यांतील पुष्कळजण कराचीहून आगबोटीने मुंबईस आले हे सर्वश्रुत आहे; परंतु सिंधमधून निघालेल्या निर्वासितांचा दुसरा मोठा ओघ मीरपूरखास, खोखरापार, मुनाबाव, बाडमेर अशा वाळवंटी वाटेने, जोधपूर संस्थानच्या मीटरगेज गाडीत बसून हिंदुस्थानात शिरला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. त्या निर्वासितांना सरहद्दीच्या अलीकडे पहिले मोठे शहर दिसले ते जोधपूर. १९६५ च्या युद्धात ती वाट तुटली. २००६ मध्ये ‘थार एक्स्प्रेस’ या नावाने ती जोधपुरातील भगत की कोठी स्थानकावरून पुन्हा वाहती झाली आणि २०१९ मध्ये पुन्हा बंद पडली. कॅम्पातल्या एखाद्या घरी आजीला या वाटेविषयी विचारून पाहावे. तिथल्या वाळूची आठवण अजून कुणाकुणाच्या बोलण्यात निघते.

आता नगरीकडे. जोधपूर पाहायला जाणारा बहुतेक प्रवासी स्थानकावर उतरताच मेहरानगडाची वाट धरतो, आणि वरून निळ्या घरांचा पट पाहून कृतार्थ होतो. माझे सांगणे असे की त्याने किल्ला दुसऱ्या दिवसासाठी राखावा आणि पहिला दिवस पाण्याला द्यावा. कारण या नगरीत दगड विपुल आणि पाणी दुर्मीळ, आणि दगड रचण्यापेक्षा पाणी राखण्यातच येथील राज्यकर्त्यांच्या, त्यातही त्यांच्या अंतःपुराच्या, बुद्धीची खरी कसोटी लागलेली आहे. बदलापुरास अडीच हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो. जोधपुरास वर्षाकाठी साडेतीनशेच्या आसपास, आणि तोही प्रतिवर्षी पडेलच असा भरवसा नाही. राव जोधाने १४५९ मध्ये मंडोरची जुनी गादी सोडून चिडियाटूंक नावाच्या डोंगरावर नव्या दुर्गाची पायाभरणी केली, तेव्हा तेथे राहणारा चिडियानाथ नावाचा योगी उठवला गेला आणि त्याने ‘तुझ्या गडाला पाण्याची वाण पडेल’ असा शाप दिला, अशी दंतकथा आहे. कथा खरी की खोटी हा प्रश्न सोडून द्यावा. दुष्काळाच्या भयालाच तिने शापाचे रूप दिले आहे, एवढे उघड आहे.

त्या भयाला पहिले उत्तर दिले ते जोधाची राणी जसमादे हाडी हिने. गडाच्या पायथ्याशी फतेहपोळेजवळ जे राणीसर तळे आहे ते तिने बांधवले, आणि पुढे राव मालदेवाने त्याला तटाच्या कवेत घेऊन गडाच्या संरक्षणात सामील केले. वेढा पडला तरी शत्रूच्या हाती पाणी जाऊ नये हा त्यातील हिशेब. तेथून रहाटांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने पाणी वर चढवीत. हजारो माणसांची शिबंदी, घोडे, दप्तरखाना, मुदपाकखाना, जनानखाना या सर्वांची तहान त्या रहाटांवर अवलंबून होती, हे ध्यानात आणले म्हणजे वरच्या महालांच्या जाळीदार खिडक्यांकडे पाहण्याची आपली दृष्टीच पालटते.

घंटाघराच्या बाजारातून थोडे आत गेल्यावर तूरजी का झालरा ही बारव आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास महाराजा अभयसिंहाच्या तंवर राणीने ती बांधवली. झालरा म्हणजे अनेक बाजूंनी पायऱ्या असलेली चौकोनी विहीर. येथे मात्र पायऱ्यांची ती रचना पाहण्यासाठी काठावर उभे राहून भागत नाही, खाली उतरावे लागते. जोधपुरी लाल दगडाचे लहान लहान त्रिकोणी जिने एकाखाली एक असे उलगडत जातात की एका टप्प्यावर उभ्या माणसाला खालचा टप्पा दिसतो पण तेथवर जाण्याची वाट पाऊल टाकीपर्यंत दिसत नाही; मधून मधून भिंतीत कोनाडे, त्यांत हत्ती आणि सिंह कोरलेले, आणि पूर्वी ज्यांतून पाणी खाली पडत असे अशी प्राण्यांच्या मुखांची पन्हळी. शेजारी रहाटाचे पाणी साठविण्याची टाकी आहे. ही बारव कित्येक दशके राडारोड्याने आणि घाण पाण्याने भरून गेलेली होती. गेल्या काही वर्षांतच ती उपसून स्वच्छ करण्यात आली. दगडावर पूर्वीच्या पाण्याच्या पातळ्यांचे पांढुरके पट्टे राहिले आहेत. त्यांच्यावर हात ठेवून पाहावा. वरच्या कठड्यावरून मोहल्ल्यातील पोरे धडाधड उड्या टाकतात, आणि एवढ्या खोलीचे पाणी असूनही त्यांचे आईबाप निर्धास्त असतात, याचा मला फार आनंद वाटला: बारव पुन्हा मोहल्ल्याची झाली आहे.

येथून पुढे गुलाबसागर. तो महाराजा विजयसिंहाची पासवान गुलाबराय हिने बांधवला. पासवान म्हणजे राणीचा दर्जा नसलेली परंतु राजाची मर्जी संपादन केलेली स्त्री. दरबारात गुलाबरायचा शब्द प्रमाण होता आणि त्यामुळे सरदारांचा तिच्यावर रोष होता, तो अखेर तिच्या खुनापर्यंत गेला. जसमादे, तंवर राणी, गुलाबराय: मारवाडच्या इतिहासाच्या बखरी लढायांनी भरलेल्या असल्या तरी शहराच्या पाण्याची कथा सांगू लागलो की तीन स्त्रियांची नावे आपोआप पुढे येतात, आणि ती अधिक ठळकपणे सांगितली जावीत असे मला मनापासून वाटते.

गडाच्या मागल्या अंगाला राव जोधा मरुप्रदेश शिलावन आहे. २००६ पासून तेथे विलायती बाभळीचे रान उपटून कैर, कुमट, थोर अशी मूळची झाडेझुडपे पुन्हा लावण्यात आली. ही बाभूळ १९३० च्या दशकात मारवाडात मुद्दाम पसरवण्यात आली होती आणि तिने मूळचे रान गिळून टाकले. तिची मुळे दगडाच्या फटीत इतकी खोल जात की नुसते बुंधे तोडून भागेना. तेव्हा पिढ्यान् पिढ्या दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या खंडवालिया कारागिरांना बोलावले गेले, आणि हातोड्याच्या घावाचा नाद ऐकून कोठे खडक ठिसूळ आहे हे ते सांगत. याच वनात हाथी नहर नावाचा डोंगर फोडून काढलेला पाट आहे; उत्तरेकडील टेकड्यांवरचे पावसाचे पाणी तो राणीसराकडे आणीत असे. त्या घळीतून चालताना दोन्ही बाजूंचा खडक इतका जवळ येतो की हात पसरता येत नाहीत, आणि छिन्नीचे तिरकस फराटे अजून ताजे वाटतात.

गड, त्याच्या लोहापोळेवरील सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे, जसवंत थडा, आणि दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून १९२९ मध्ये सुरू होऊन १९४३ मध्ये पुरा झालेला उमेदभवन महाल, यांची वर्णने प्रवासपुस्तकांत पुरेशी आहेत. ती येथे पुन्हा देत नाही.

मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पंजाबातील हरिके येथून निघणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याचे पाणी उपसा करून जोधपुरापर्यंत आणले गेले, घरोघर नळ आले, आणि जुनी तळी-विहिरी ओस पडल्या. उपसा थांबल्यामुळे आणि नव्या पाण्याच्या गळतीमुळे जमिनीतील पाणी चढू लागले, आणि ज्या शहराला तहानेचा शाप होता त्याच शहराच्या जुन्या भागात तळघरांत पाणी साचू लागले. मोटारी लावून ते पाणी बाहेर टाकावे लागते. अशा शहरात राणीसराची निगा राखणारा माणूस दिसला की त्याला नमस्कार करावासा वाटतो. आपल्याकडे वालधुनी काकोळेच्या डोंगरात निर्मळ उगवते आणि शिवालयापाशी पोहोचेपर्यंत कारखान्यांच्या रसायनांनी व सांडपाण्याने तिची जी दशा होते, ती अंबरनाथकरांना ठाऊक आहे. अडीच हजार मिलिमीटरांच्या मुलखात राहून आपण नदीचा मान राखीत नाही, हे मला खुपते, आणि ते लपविण्याचे कारण दिसत नाही.

वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने एका रात्रीत जोधपूर गाठता येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा; मात्र श्रावण-भाद्रपदात पाऊस झाला असेल तर तळी भरलेली दिसतात, आणि उकाडा सोसायची तयारी असल्यास तो काळच मी सुचवीन.

पुढील लेखांकात जोधपुराहून उत्तरेस नागौरला जायचे आहे. मारवाडच्या गादीच्या तंट्यात रामसिंहाचा पक्ष घेऊन जयाप्पा शिंदे यांनी विजयसिंहाला त्या किल्ल्यात कोंडले, आणि वेढा चालू असतानाच जुलै १७५५ मध्ये तहाच्या बोलण्याच्या मिषाने छावणीत शिरलेल्या मारेकऱ्यांनी त्यांचा घात केला. पुढे दत्ताजींनी वेढा चालू ठेवला, तह झाला, आणि अजमेर मराठ्यांकडे आले. त्या वेढ्यामागची रामसिंह आणि विजयसिंह यांची भाऊबंदकी, पेशव्यांच्या दरबारातून आलेले हुकूम आणि नागौरच्या तटबंदीची घडण यांचा परामर्श तेथे घेऊ.