कार्डाआधी खर्चाची वही

माझी धाकटी बहीण तीन बँकांच्या क्रेडिट कार्डांची पत्रकं घेऊन घरी आली. एकावर विमानतळाच्या लाउंजचा फोटो, दुसऱ्यावर पेट्रोल पंप, तिसऱ्यावर मोठ्या अक्षरांत 'आयुष्यभर मोफत'. "ताई, यातलं कुठलं घेऊ?" मी पत्रकं बाजूला ठेवली आणि तिला बँकेचं ॲप उघडायला लावलं. गेल्या तीन महिन्यांत पैसे कुठे गेले ते आधी वहीत मांडायचं, कार्डाचं नंतर बघू म्हटलं.

महिन्याची सरासरी अशी निघाली: किराणा ७,००० रुपये, ऑनलाइन खरेदी ५,०००, पेट्रोल ३,०००, वीज-गॅस-मोबाइल २,५००, आणि भाजी, दूध, चहा-नाश्ता मिळून ४,५००. हे शेवटचं सगळं क्यूआर स्कॅन करून दिलेलं. विमानाचा प्रवास वर्षातून एखादाच. लाउंजचं पत्रक तिने स्वतःच उलटं करून ठेवलं. लाउंजची सोय आता बऱ्याच कार्डांवर ठरावीक खर्च केला तरच मिळते, हे तिला सांगायचीही गरज पडली नाही.

यानंतर मी तिला विचारलं, बिल दर महिन्याला पूर्ण भरणार का? या एका उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

समजा बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि पैसे भरायची शेवटची तारीख २५. ६ जूनला केलेली खरेदी ५ जुलैच्या बिलात येते आणि २५ जुलैपर्यंत भरता येते, म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी. तीच खरेदी ४ जुलैला केली तर हाती २१च दिवस. मोठी वस्तू बिल निघाल्यावर लगेच घ्यावी असं म्हणतात ते यामुळेच. पण ही बिनव्याजी मुदत मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच मिळते. थोडी रक्कम जरी बाकी राहिली तरी नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

'मिनिमम ड्यू' हा शब्द लोकांना फसवतो, म्हणून ते गणित मी वहीत करून दाखवलं. बिल ४०,०००चं, किमान रक्कम ५ टक्के धरली तर २,०००. तेवढे भरले, ३८,००० राहिले. महिन्याला साडेतीन टक्के दराने एका महिन्याचं व्याज १,३३०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,५७० रुपये. भरलेल्या दोन हजारांतला मोठा वाटा असा निघून जातो आणि मुद्दल जवळपास तिथेच. वर्षाला हा दर ४२ टक्के होतो. तीस टक्क्यांपेक्षा जास्त दर अन्यायकारक असल्याचा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८चा निर्णय होता, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे दर किती आहे ते कार्ड घेण्याआधी आपणच वाचायला हवं. ज्याला बिल पूर्ण भरणं जमणार नाही, त्याच्यासाठी कुठलंच कॅशबॅक कार्ड फायद्याचं नाही, असं माझं ठाम मत आहे. गरज खरी असेल तर वैयक्तिक कर्जाचा दर सहसा याच्या निम्म्याहूनही कमी असतो. एटीएममधून कार्डावर रोख काढणं तर टाळावंच: शुल्क वेगळं, आणि व्याज त्याच दिवसापासून.

बहीण पूर्ण भरणारी. मग उरलेल्या दोन पत्रकांतले फायदे आम्ही रुपयांत उतरवले.

'आयुष्यभर मोफत' कार्डावर शंभर रुपयांना एक पॉइंट, आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे. तिचा सगळा २२,०००चा खर्च त्यावर केला तरी महिन्याला २२० पॉइंट, म्हणजे ५५ रुपये. आकडा पॉइंटांत असला की मोठा दिसतो, म्हणून रुपयांत किती, हे आधी विचारावं. पेट्रोलच्या कार्डावर ४ टक्के सूट: वर्षाला १,४४०, त्यातून ५०० रुपये शुल्क आणि जीएसटी मिळून ५९० वजा, उरले ८५०. याशिवाय एक कार्ड तिला मैत्रिणीने सुचवलं होतं, ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के परत देणारं. वर्षाला ३,०००, शुल्क जीएसटीसह १,१८०, उरले १,८२०. दर महिन्याला जास्तीत जास्त किती परत मिळेल याची मर्यादा असते. तिचे २५० त्या मर्यादेच्या आत बसत होते. रोज पन्नास-साठ किलोमीटर गाडी चालवणाऱ्याचं गणित मात्र याच्या उलट येईल.

क्यूआरचे ४,५०० राहिले. यूपीआयला फक्त रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं, २०२२ पासून. तेही दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवरच चालतं. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचा क्यूआर त्यांच्या मुलाच्या बचत खात्याचा आहे. तिथे क्रेडिट कार्ड चालत नाही. वहीत पाहिलं तर निम्म्याहून जास्त ठिकाणं अशीच निघाली. म्हणून रुपेचा मुद्दा तिने सध्या सोडला. ज्याला हवं त्याने अर्ज करतानाच विचारावं: दहा लाखांपेक्षा जास्त चालू कार्डं असलेल्या कंपन्यांनी पात्र ग्राहकाला नेटवर्क निवडू द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे.

पगाराची पावती नसलेल्या गृहिणीला, विद्यार्थ्याला किंवा नव्याने धंदा सुरू केलेल्याला मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड चांगलं. ठेवीचं व्याज चालू राहतं आणि सिबिलमध्ये नोंद तयार होते. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांनी बाकी सगळं सोडून परकीय चलनावरचा अधिभार बघावा. तो पुष्कळ कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो. आणि नावामुळे घोटाळा होतो म्हणून सांगते, किसान क्रेडिट कार्ड हे मुळात पीककर्ज आहे, त्याचे नियम आणि दर अगदी वेगळे.

पटलं नाही तर कार्ड बंद करता येतं का, ही तिची शेवटची शंका. येतं. थकबाकी नसेल तर विनंतीनंतर सात कामाच्या दिवसांत बंद करणं बंधनकारक आहे, नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे.

महिनाभराने ऑनलाइन खरेदीचं ते कार्ड आलं. खात्यातून बिल आपोआप वळतं करण्याच्या फॉर्मवर दोन चौकोन होते, एक एकूण रकमेचा, एक किमान रकमेचा. किमानवर आधीच खूण केलेली होती. तिने ती खोडली आणि एकूण रकमेवर खूण केली.